दोन दिवसांच्या सायकली

शौनक बायकामुलांसह कॅनडाला निघाला होता आणि आता तो कायमचाच गेला, असं आप्पांनी मनाशी धरलं होतं. रविवारी विमान, आणि शुक्रवारी हा आप्पांना नि मुलांना घेऊन रत्नागिरीच्या बाजारात सायकलींच्या दुकानात शिरला. महिनाभर मुलाशी कामापुरतंच बोलणाऱ्या आप्पांना राहवलं नाही.

"अरे, दोन दिवसांसाठी सायकली? विमानात चालवणार आहेत काय पोरं?"

"त्या इथेच राहतील," म्हणत शौनकने दोन सायकली निवडल्या. दुकानदाराने धरलेल्या सायकलवर ओवी टुणकन चढून बसली, पण तिचे पाय जमिनीपासून चार बोटं वरच लोंबकळले. गंधारचीही तीच गत.

आप्पा भडकले. "डोळे फुटले काय तुझे? पाय तरी टेकतायत का त्यांचे?"

"आत्ता नाही टेकणार, आप्पा. पुढच्या मे महिन्यात आंबे खायला येतील ना, तेव्हा टेकतील."

आप्पांनी दोन्ही सायकलींच्या घंट्या उगाचच वाजवून बघितल्या. मग दुकानदाराला म्हणाले, "एक पंपही द्या हो. वर्षभर हवा मलाच भरायची आहे."