समोवाराची तोटी

श्रीनगरच्या घरात स्वयंपाकघराला नवा रंग लागला, तेव्हा महजबीनने सासरे वारल्यापासून वीस वर्षं माळ्यावर विसरलेला, चहा-कहवा उकळायचा तांब्याचा समोवार खाली काढला. सासूने लग्नात आणलेला तो. घासूनपुसून तिने तो शोभेसाठी फळीवर मांडला, तशी सासू हाजरा लहान मुलीसारखी हरखली.

दुसऱ्या दिवशी समोवाराची तोटी दाराकडे वळलेली दिसली. हात कुणीच लावला नव्हता. दुपारी त्याच दारातून नणंद आली, न कळवता. पुढच्या आठवड्यात तोटी खिडकीकडे वळली, आणि शेजारीण खिडकीतूनच हाका मारत गरम रोट्या देऊन गेली.

"अम्मी, तुमच्या समोवाराला पाहुण्यांचा वास येतो!" महजबीन हसत सुटली.

"येणारच! माझ्या माहेरचा आहे. तुझ्या मिक्सरला जमतं का असं काही?"

आज सकाळी तोटी कोऱ्या भिंतीकडे होती. भिंतीपलीकडे नुसती झेलम वाहत होती.

"आज फसला बिचारा," म्हणत महजबीनने कहव्याचे दोन पेले मांडले.

"तीन मांड," सासू म्हणाली.

तेवढ्यात भिंतीवर पलीकडून हलकेच टकटक झाली.

हाजराने केस सारखे केले, शाल डोक्यावर ओढली आणि नव्या नवरीच्या आवाजात म्हणाली, "आले हं!"