वरचा फोल्डर

यंत्राचा लोखंडी हात दुप्पट वेगाने फिरला आणि त्याने फिटरच्या बरगड्या काडीसारख्या मोडल्या. ते पाहून प्रोग्रामरचं टाळकं सटकलं. त्याने ऑपरेटरची गचांडी धरली आणि त्याला भिंतीवर आदळलं.

"वेग कुणी वाढवला रे?"

"आईशप्पथ साहेब, मी कशालाही हात लावला नाही!"

"म्हणजे माझा प्रोग्राम चुकला?" त्याने असा ठोसा हाणला, की ऑपरेटरचा दातच ओठात घुसला. "थांब, सगळ्यांसमोर तुझं पितळ उघडं पाडतो."

तणतणत तो केबिनमध्ये शिरला. प्रोग्रामच्या मर्यादा लिहून ठेवलेल्या हेडर फाइलमध्ये वेगाची मर्यादा जिथल्या तिथे होती. पण प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर त्या नावाची फाइल ज्या फोल्डरात आधी सापडेल, त्यातलीच उचलतो. आणि शोधायच्या फोल्डरांत सगळ्यात वर होता चाचणीचा फोल्डर. काल त्यानेच घाईघाईत वर चढवलेला, खाली घ्यायचा राहून गेलेला. त्यातही त्याच नावाची फाइल होती, फक्त मर्यादा नव्हती.

दोन क्लिकमध्ये त्याने तो फोल्डर उडवला.



मग बाहेर आला आणि सगळ्यांदेखत ऑपरेटरच्या कानाखाली पुन्हा जाळ काढला.