बिनचौकशीचा पाळणा

“आमच्या दारातला पाळणा म्हणजे या बायांना कचराकुंडी झाली आहे,” प्रेमलाताई म्हणाल्या आणि पाहुण्यापुढे चहा सरकवला.

बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या एका शिशुगृहाच्या त्या मानद चिटणीस होत्या. फाटकाशेजारच्या कोनाड्यात पाळणा होता. कुणीही यावं, मूल ठेवावं, घंटा वाजवून निघून जावं. नाव विचारायचं नाही, पोलीस बोलवायचे नाहीत. प्रेमलाताईंना हे मुळीच पटत नव्हतं. त्यांना समोर कॅमेरा बसवायचा होता, पण समितीने तो बसवू दिला नाही.

समोर बसलेले सौमित्र दिघे मात्र त्यांना पाहताक्षणी आवडले. रिफायनरीत इंजिनियर, बडोद्याचेच, बोलणं स्वच्छ. केस सैन्यातल्या माणसासारखे बारीक. “पाळण्यात आलेल्या बाळाबद्दल बोलायचं होतं,” एवढंच ते म्हणाले होते. दत्तक घ्यायला येणारे सुरुवातीला असेच अडखळतात, हे प्रेमलाताईंना सवयीचं होतं.

“मिसेस नाही आल्या?”

“नाही.”

“चालशे. पुढच्या वेळी आणा.”

तेवढ्यात बाळांना सांभाळणाऱ्या गंगाबाई दुपट्यातलं बाळ घेऊन आल्या.

“हीच ती. बांधणीच्या साडीत गुंडाळून ठेवली होती,” प्रेमलाताई म्हणाल्या. “साडीसुद्धा साधीसुधी नाही, अस्सल जामनगरी! साडी परवडते, पोर परवडत नाही. मजा मारताना लाज वाटली नाही, निस्तरायची वेळ आली तेव्हा आम्ही आठवलो.”

सौमित्रने गंगाबाईंकडे पाहिलं. “झोपते का नीट?”

“आता झोपते. आधी फार रडायची. वरचं दूध पोटात ठरत नव्हतं.”

“ऐकलंत?” प्रेमलाताई उसळल्या. “पोर इथे दुधासाठी तळमळत होतं आणि ती बया कुठेतरी पाणीपुरी खात उभी असेल. सयाजीगंजच्या एखाद्या हॉस्टेलातली असणार. असलीला आई कशाला म्हणायचं? मांजरीण बरी.”

“प्रेमलाबेन, कुणावर काय वेळ येते, आपल्याला काय ठाऊक?” गंगाबाई पुटपुटल्या.

“मला सगळं ठाऊक आहे. आणि कायदा बघा! दोन महिने थांबायचं म्हणे. बाईसाहेबांचं मन बदललं तर पोर परत मागता येतं. येऊ दे तर खरी माझ्यासमोर, तोंडावर थुंकेन.” मग आवाज मऊ करून त्या सौमित्रला म्हणाल्या, “तुम्ही घाबरू नका. असल्या बाया कधी परत येत नाहीत. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, नंबर लागायला वेळ जातो. पण तुमच्यासारखं घर मिळालं तर पोरीचं नशीबच.”

सौमित्रने हात पुढे केले. गंगाबाईंनी बाळ त्यांच्याकडे दिलं. त्यांना ते नीट धरताही येईना. मान कशी सावरायची ते गंगाबाईंनी दाखवलं. बाळाने डोळे उघडले आणि सौमित्रचा चेहरा एकदम वाकडा झाला. ते हमसून रडू लागले.

प्रेमलाताईंचेही डोळे पाणावले. “बघा गंगाबाई, हा परका माणूस. याला पाझर फुटला. आणि जिने जन्म दिला ती सटवी...”

“तिला काही बोलू नका,” सौमित्र म्हणाले. “ती हिला जन्म देतानाच गेली. पाळण्यात मी ठेवलं होतं.”