हाक

सायखेड्याच्या कुसाबाईची आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव तिनं दगडू ठेवलं. असल्या नावाला मृत्यूसुद्धा नाक मुरडतो म्हणे. नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये मात्र पहिल्याच चहाला त्या दगडूचा 'दगड' झाला. हा शोध ग्रुपच्या लीडरचा, शेखरचा. दुसऱ्याच्या जिवावर हशा पिकवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. "ए दगड, डबा काढ!" "दगड, इकडे बघ, फोटो!" दगडूही मोठ्या मनाचा गडी, हाकेसरशी दात काढून बघायचा.

इगतपुरीकडच्या एका डोंगरधारेवर चढण्याआधी शेखरनं नियम सांगितला, "वरून धोंडा सुटला की 'दगड' म्हणून ओरडायचं. ऐकणाऱ्यानं वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं."

"म्हणजे मलाच चिकटायचं ना?" दगडू म्हणाला. सगळे खो खो हसले. शेखर जरा जास्तच.

कातळटप्प्यावर शेखर सगळ्यांच्या वर होता. त्याच्याच बुटाखालून नारळाएवढा धोंडा सुटला. तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "दगड!"

बाकीचे झटकन कातळाला चिकटले. दगडूनं हसत मान वर केली.

संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर कुसाबाईनं शेखरचं मनगट धरलं. "तू तर वर व्हता ना, भाऊ? धोंडा येतोय म्हणून माझ्या लेकराला एक हाक नाय मारता आली?"

"मारली ना, मावशी," शेखर म्हणाला. "त्यानं ओसुद्धा दिली."