जोमाच्या नावानं

माजिवड्याच्या मिठागरात नव्या गड्याला पहिला दिवसभर आधीच्या गड्याच्या नावानं हाक मारायची रीत होती. राघो मुकादमानं नाथाच्या हातावर गूळ ठेवला, जोमाचं लाकडी फावडं दिलं आणि त्याला खारट पाण्यानं भरलेल्या वाफ्याच्या काठावर साऱ्यांच्या रांगेत उभं केलं.

"जोमा गेला कुठं?" नाथानं विचारलं.

"आज तूच जोमा रं!" राघो म्हणाला. सगळे हसले.

नाथा ओशाळला. त्यानं खाली पाहिलं. काठावरची माणसं अजून हसत होती, पण पाण्यातल्या प्रतिबिंबांत साऱ्यांच्या माना खाली होत्या. शेजारी उभ्या तुळसानं तर पाण्यात तोंड पदरात लपवलं होतं. काठावर तिचे दोन्ही हात कमरेवर होते.

पाण्यातून वर बघत होता तो एकटा नाथाच.

"जोमा!" राघोनं हाक दिली. "अरं, ओ दे ना! रीत हाय आपली."

दूर पुलावरून आगीनगाडी धडधडत गेली, तरी पाणी हललं नाही. हे काम गेलं तर नाथाला घरी तोंड दाखवायची सोय नव्हती.

"ओ!" म्हणत नाथा त्यांच्यासारखाच हसला.

पाण्यातला नाथा हसला नाही. त्यानं क्षणभर वर पाहिलं, आणि मग त्याचीही मान खाली गेली.