मशीनकडे पाठ नाही

रंगराव भंगारवाल्याने मशीन न्यायला टेम्पो थेट दारात आणून लावला, तेव्हा सुखदेव नेहमीप्रमाणे म्हणाला, "चालेल."

डोळ्याचा पडदा सरकून दिसेनासं झाल्यापासून या माणसाला सगळंच चालत होतं. चहा गार झाला तरी चालेल, भाजीत मीठ नसलं तरी चालेल. ज्याच्या ओरडण्याने एकेकाळी विश्रांतवाडीची अर्धी गल्ली जागी व्हायची, तो आता स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वावरत होता. त्याच्या बायकोला, ललिताला ते बघवत नव्हतं. भांडायलाही समोर कुणी नाही, हा काय संसार झाला!

म्हणून रंगराव यायच्या आधी तिनेच हट्ट धरला होता. ताडपत्रीखाली गंजत पडलेलं डिझेलचं वेल्डिंग मशीन आधी चालू करून बघायचं, मग काय ते ठरवू. सुखदेवने चाचपत चाचपत नोझल साफ केलं, कार्बन बदलले, टाकी धुतली. ती शेजारी बसून पाने हातात देत राहिली. "आज नाही उठलं, तर देऊन टाक," एवढंच तो सकाळी म्हणाला होता. मशीनसोबत नवराही भंगारात निघाला, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"काकू, उरकतंय का?" रंगरावने विचारलं.

"उभा काय राहिलायस? मार हँडल!"

मशीन न्यायला आलेल्यालाच तिने कामाला लावलं. रंगरावने हँडल गरगर फिरवलं, सुखदेवने नेमक्या क्षणी इंजिनाचा दाब सोडणारी वरची खिट्टी पाडली. मशीन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा खोकलं. मग काळा धूर ओकत असं काही धडधडलं की रंगराव हँडलसकट मागे सरला.

दर गुरुवारी जायची तशी आजही लाइट नव्हती, आणि बुद्धविहाराचं बिजागरी तुटलेलं फाटक जोडायला अंगणात येऊन पडलेलं. सुखदेवने ठिणगीकडे बघायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ललिताने पदर खोचला, तोंडावर काचेचं हेल्मेट ओढलं आणि होल्डर उचलला.

"तुला जमेल?"

"इतकी वर्षं काय डोळे मिटून बसले होते? तुम्ही मशीन धरा."

आजवर जोड तो मारायचा आणि ती मशीनपाशी बसून रेस द्यायची. आज जागा बदलल्या. ठिणगीकडे पाठ करून तो मशीनपाशी बसला, तळवा टाकीवर ठेवून.

तिने रॉड टेकवला. लख्ख उजेड पडला, ओझं येताच मशीनला धाप लागली, आणि बाई सवयीने होल्डर उचलून रेस द्यायला मशीनकडे पळाली! ठिणगी तुटली.

"अगं ए! कुठे निघालीस?" सुखदेव कडाडला. "मशीन मी बघतोय ना! तू जोड बघ!"

ललिता जागच्या जागी थबकली. मग मागे वळली आणि पुन्हा वाकली.

"चिकटला रॉड! मनगट झटक! हां. आता लांब धरलास. जवळ घे. अगं जवळ, झोपलीस काय?"

"काका, पाठमोरे बसून दिसतंय कसं तुम्हाला?" रंगराव त्याच्या कानाशी ओरडला.

"दिसायला कशाला पाहिजे? ओझं कमीजास्त झालं की मशीन सांगतं. तिचा हात इथे लागतोय मला." आणि लगेच तिला, "सरकत राहा! हां, अश्शी! शाब्बास!"

शाब्बास हा शब्द त्याच्या तोंडून तिने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

जोड अर्ध्यावर आला आणि मशीनचा सूर डळमळायला लागला. चढला, पडला, पुन्हा चढला. सुखदेवने मान तिरकी केली, तळवा टाकीवर आणखी घट्ट दाबला.

"ललिता, हात का कापतोय तुझा?"

मशीनचा सूर हुंदक्यासारखा पुन्हा अडखळला.

"रडतेयस होय? अगं, ठिणगी तुटतेय! आता काय झालं रडायला?"

"काही नाही झालं!" हेल्मेटच्या आतून ती ओरडली. "तुम्ही ओरडत राहा!"