कमानीतली जागा

भुवनाने आपल्या पहिल्या फॅशन शूटचा बेत अप्पांना सांगितला. मोगऱ्याच्या नक्षीची साडी नेसलेली मॉडेल, आणि मागे अप्पांनी रंगवलेलं, सोन्याच्या वर्खाचं देवाचं तंजावरी चित्र.

"माझ्या देवांपुढे फॅशन नको," म्हणून अप्पा जे खोलीत जाऊन बसले, ते आठवडाभर तिच्याशी बोललेच नाहीत. भुवनाने मागे लावायला पांढरा पडदा मागवला.

शूटच्या सकाळी अप्पा दाराएवढं नवं चित्र ढकलत घेऊन आले. सोनेरी कमान, खडे जडवलेले खांब, कमळांच्या माळा, दोन पोपट. मधली जागा मात्र कोरी.

"अप्पा, देव काढायचा राहिला की!"

"राहिला नाही. तिथे तुझी मॉडेल उभी कर," अप्पा म्हणाले. "फोनवर सांगत होतीस ना, उंच आहे म्हणून? कमान चांगली वर घेतलीय."